जिन्यावरचा दिवा

दोन मजली घराच्या जिन्यावर दिवा एक असतो आणि बटणें दोन असतात. एक खालीं पहिल्या पायरीपाशीं आणि दुसरें वर शेवटच्या पायरीपाशीं. रात्रीं वर निघालेला मनुष्य खालचें बटण दाबून उजेड करतो, वर पोंचला कीं वरचें बटण दाबून दिवा मालवतो आणि निजावयास जातो. पहांटे लवकर उठणारी गृहिणी वरून दिवा लावते आणि खालीं येऊन मालवते. कोणीं कोणतें बटण शेवटचें दाबलें होतें याची चौकशी कोणालाच करावी लागत नाहीं. घरांतल्या साऱ्या सोयींत इतकी निमूटपणें राबणारी आणि इतकी दुर्लक्षित सोय दुसरी क्वचितच सांपडेल.

अशा घरांत एके दिवशीं स्मार्ट स्विच येतो. हातांतल्या फोनवरून दिवा लावावा, ठराविक वेळीं तो आपोआप मालवावा, आवाजाच्या आज्ञेनें तो उजळावा, अशी त्याची ख्याति असते. दोनपैकीं एक जुनें बटण काढून त्या जागीं तो बसविला जातो आणि दोन दिवसांतच तक्रारी सुरू होतात. आजोबांनीं वरचें बटण दाबलें कीं खालचा नवा स्विच मेल्यासारखा होतो. कधीं तो जिवंत असल्याचें दिसतें, पण दिवा त्याचें ऐकत नाहीं. कधीं मालवलेला दिवा अंधारांत काजव्यासारखा मिणमिणत राहतो. स्विच बदलून दुसरा आणला तरी तोही तसाच वागतो. मग दोष कारखानदाराला दिला जातो, नाहीं तर वायरमनला. वस्तुतः पुष्कळ वेळां या दोघांपैकीं कोणीच अपराधी नसतो. दोषाचें मूळ भिंतीच्या आंत, पूर्वींच्या पिढीनें घातलेल्या तारांत असतें. आणि त्या तारा तशाच कां घातल्या याचें कारण तर त्याहूनही जुनें असतें. जिन्यावरच्या दिव्याची दुरुस्ती हा म्हणूनच निम्मा इतिहासाचा अभ्यास आहे.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडच्या उत्तर टोंकाला, नॉर्थंबरलंड परगण्यांत शोधावा लागतो. तेथें क्रॅगसाइड नांवाच्या आपल्या वाड्यांत सर विल्यम आर्मस्ट्राँग यांनीं पाण्याच्या ओघावर यंत्र फिरवून वीज उत्पन्न केली होती. १८८० सालीं जोसेफ स्वान यांचे नवे काचेचे दिवे त्या वाड्यांत लागले. पुढच्या वर्षाच्या आरंभीं आर्मस्ट्राँग यांनीं एका नियतकालिकास पत्र लिहून या व्यवस्थेचें वर्णन केलें. दिवे एकंदर ४५ होते. परंतु एका खोलीचा प्रवाह तोडून तो दुसऱ्या खोलीस देतां येत असल्यामुळें एका वेळीं ३७ हून अधिक दिवे लावण्याचें त्यांना कारण पडत नसे. ग्रंथालयांतील कांहीं दिव्यांची मांडणी तर फारच मौजेची होती. ते मिनेकाम केलेल्या तांब्याच्या कलशांवर बसविलेले होते आणि कलशाच्या बुडाशीं असलेल्या पाऱ्यांतून त्यांना प्रवाह मिळत असे. कलश उचलला कीं दिवा मालवे, पुन्हां जागेवर ठेवला कीं लागे. भिंतीवरचें बटण घरोघर पोंचण्यापूर्वीं दिव्याला आज्ञा देण्याची एक रीत ही अशी होती, आणि तींत मनुष्याला दिव्यापाशींच जावें लागे.

गॅसच्या किंवा तेलाच्या दिव्याचेंही तसेंच होतें. ज्योत जेथें तेथें हात. विजेनें प्रथमच हात आणि दिवा यांची ताटातूट केली. प्रवाहाची वाट कोठेंही तोडली तरी दिवा मालवणारच. मग ती वाट दारापाशीं, हाताच्या उंचीवर कां तोडूं नये? विचार सोपा होता, पण त्याच्या आड एक संकट होतें. वाहता प्रवाह सावकाश तोडला तर तो सहजासहजीं तुटत नाहीं. दोन धातूंमधल्या फटींतून तो ठिणगीच्या रूपानें उडी घेत राहतो, धातू वितळवतो आणि जवळ लांकूड असेल तर तेंही पेटवतो. त्या काळचा प्रवाह एकाच दिशेनें अखंड वाहणारा असल्यामुळें ही ठिणगी विशेषच हट्टी असे. १८८२ सालीं लंडनमधील तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेनें विजेच्या दिव्यांपासून लागणाऱ्या आगी टाळण्यासाठीं नियम प्रसिद्ध केले, यावरून त्या भीतीचें गांभीर्य ध्यानांत येईल.

या संकटावरचा तोडगा न्यूकॅसल शहरांत निघाला. जॉन हेन्री होम्स या अभियंत्यानें १८८४ सालीं असें बटण तयार केलें कीं ज्यांतील स्प्रिंग आधीं ताणली जाई आणि मग एका क्षणांत सुटे. दाबणारा हात कितीही मंद असला तरी आंतलीं धातूचीं टोंकें झटक्यानेंच एकमेकांपासून दूर होत, आणि ठिणगीला जगावयास अवधि मिळत नसे. बटण दाबतांना होणारा 'टक्' असा आवाज हा त्या स्प्रिंगचा आवाज होय. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंत विल्यम न्यूटन यानें वरखालीं होणाऱ्या दांडीच्या बटणाचें पेटंट घेतलें आणि बटणाला आजचें परिचित रूप येत चाललें. रूपें पालटलीं, तरी झटक्यानें तोडण्याचें होम्सचें तत्त्व आजही घरोघर राबत आहे.

होम्सच्या बटणाचा एक गुण मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि पुढच्या सर्व कथेचें मर्म त्यांतच आहे. हें बटण स्वतः कांहीं खात नाहीं. तें केवळ एक दार आहे. उघडें असलें कीं प्रवाह थांबतो, मिटलें कीं वाहतो. दाराला स्वतःसाठीं वीज लागत नाहीं. म्हणून बटणापर्यंत किती तारा न्यावयाच्या याचें उत्तर ठरून गेलें: प्रवाह आणणारी एक आणि दिव्याकडे नेणारी एक. परतीची तार, जिला वायरमन न्यूट्रल म्हणतात, ती बटणापर्यंत नेण्याचें कांहींच प्रयोजन नव्हतें.

जिन्याचा प्रश्न सुटला तोही याच साध्या दारांच्या जोरावर. साध्या बटणाला दोन टोंकें असतात. जिन्याच्या बटणाला तीन असतात. त्यांतलें एक मुख्य टोंक, आणि उरलेल्या दोन टोंकांपैकीं कोणत्या तरी एकाशीं तें सदैव जोडलेलें राहतें. खालच्या बटणाच्या मुख्य टोंकाला फेजची तार येते. वरच्या बटणाच्या मुख्य टोंकावरून दिव्याकडे तार जाते. दोन्ही बटणांचीं उरलेलीं टोंकें दोन जोडतारांनीं एकमेकांस बांधलेलीं असतात. दोन्ही बटणें एकाच जोडतारेकडे वळलेलीं असलीं कीं दिवा लागतो. एक इकडे आणि दुसरें तिकडे असलें कीं मालवतो. अशा एकंदर चार स्थिति होतात, दोन उजेडाच्या आणि दोन अंधाराच्या. तीन मजल्यांचें घर असेल तर मधल्या मजल्यावर चार टोंकांचें बटण बसवितात. तें जोडतारा कधीं सरळ ठेवतें, कधीं त्यांची अदलाबदल करतें. अशीं मधलीं बटणें कितीही वाढवावीं, प्रत्येक बटण दाबल्यावर दिव्याची स्थिति उलटतेच.

या बटणाला एकट्याला 'चालू' किंवा 'बंद' अशी जागाच नाहीं. त्यावर खूण करूं म्हटलें तरी करतां येणार नाहीं, कारण दिवा लागला आहे कीं नाहीं हें एका बटणांत लिहिलेलें नसून दोन बटणांच्या परस्परसंबंधांत लिहिलेलें आहे. दोघां भावांनीं समाईक घर सांभाळावें आणि दोघांनाही सारखाच अधिकार असावा, तसा हा प्रकार. नव्या स्मार्ट स्विचशीं खटका उडतो तो नेमका येथें. त्याला दिवा लागला आहे कीं नाहीं हें स्वतःला ठाऊक असावें लागतें, म्हणून कारभार एका हातीं घ्यावा लागतो. आणि जुनें बटण तर समान हक्काचें.

नांवांचा घोळही येथेंच सुरू होतो, आणि परदेशी माहितीपत्रक वाचून काम करणारे पुष्कळजण त्यांत फसतात. अमेरिकेंत टोंकें मोजून जिन्याच्या बटणाला 'थ्री-वे' आणि मधल्या बटणाला 'फोर-वे' म्हणतात. इंग्लंडांत तेंच बटण 'टू-वे' आणि मधलें 'इंटरमीजिएट' ठरतें. हिंदुस्थानांतील वायरिंगची परिभाषा इंग्लंडच्या वळणावर घडली. मुंबईस वीज आणि ट्राम पुरविणाऱ्या कंपनीचा कारभार १९०५ सालीं सुरू झाला तोही ब्रिटिश अमदानींतच. त्यामुळें दादर-गिरगांवचा वायरमन 'टू-वे' म्हणतो आणि अमेरिकन डबीवर 'थ्री-वे' छापलेलें असतें. वस्तु एकच, मोजण्याची रीत निराळी.

बटणाला वीज खावी लागत नाहीं या गुणाचा फायदा तांबें वांचविण्यासाठीं पुरेपूर घेतला गेला. अमेरिकेंत एके काळीं 'कार्टर पद्धति' नांवाची एक रचना चालत असे. तींत जिन्याच्या प्रत्येक बटणाला फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा देत आणि दोन्ही बटणांचीं मुख्य टोंकें दिव्याच्या दोन बाजूंना जोडीत. एका बाजूस फेज आणि दुसरीस न्यूट्रल मिळाली कीं दिवा लागे. दोन्ही बाजूंस एकच कांहीं मिळालें कीं मालवे. ज्या दोन ठिकाणीं आधींच तारा पोंचलेल्या आहेत तेथें यामुळें तारेची बचत होई. पण त्यांत जिवावरचा धोका होता. दोन्ही बाजूंस न्यूट्रल आली तर ठीक. दोन्ही बाजूंस फेज आली तरीही दिवा मालवलेलाच दिसे, आणि होल्डरचें सारें अंग मात्र विजेनें भरलेलें असे. शिडीवर चढून बल्ब बदलणाऱ्या माणसाला अंधार दिसला म्हणून तो निर्धास्त हात घाली. १९२३ सालच्या अमेरिकन विद्युत्-नियमावलीनें ही पद्धति निषिद्ध ठरविली. जीं घरें त्यापूर्वीं बांधलीं गेलीं, त्यांच्या भिंतींतून ती नियमावलीच्या एका कलमानें नाहींशी झाली नाहीं. म्हणून जुन्या घरांत काम करणाऱ्यानें पहिला धडा हाच घ्यावयाचा: दिवा मालवलेला असणें आणि तार निर्जीव असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी काटकसर निर्दोष होती, पण पुढें तीच नडली. छतांतल्या दिव्यापाशीं प्रथम फेज आणि न्यूट्रल न्यावयाची आणि तेथून केवळ दोन तारा भिंतीवरच्या बटणाकडे उतरवावयाच्या, अशी रीत सर्वत्र रूढ झाली. एक तार फेज घेऊन खालीं येते आणि दुसरी तीच फेज बटणांतून परत वर नेते. भिंतीवरच्या डबींत न्यूट्रल असतच नाहीं. अमेरिकेंत या कामीं काळी आणि पांढरी अशा दोन तारांची एकच जुडी वापरीत. त्या देशांत पांढरी तार न्यूट्रलची मानतात, परंतु बटणाच्या डबींत उतरलेली पांढरी तार फेजची असूं शकते. रंगावर विसंबून स्मार्ट स्विच जोडणाऱ्यांची येथें हमखास फसगत होते. बटण साधें होतें तोंवर या काटकसरीनें कोणाचेंच कांहीं अडलें नाहीं, आणि म्हणून दोनतीन पिढ्यांचीं घरें अशींच बांधलीं गेलीं.

मग बटणाला भूक लागूं लागली. १९६१ सालीं पेनसिल्व्हेनियांत जोएल स्पायरा आणि त्यांच्या पत्नी रूथ यांनीं 'ल्युट्रॉन' कंपनी काढली आणि घरगुती वापराचे अर्धवाहकांवर चालणारे मंदक, म्हणजे दिव्याचा उजेड कमीअधिक करणारीं बटणें, बाजारांत आणलीं. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथें पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या लोकांनीं 'एक्स-टेन' नांवाची युक्ति काढली. घरांत असलेल्या विजेच्या तारांवरूनच १२० किलोहर्ट्झचे सूक्ष्म संकेत पाठवून दूरच्या दिव्यास हुकूम द्यावयाचा, असा तो प्रयोग. प्रवाहाची दिशा पालटतांना तो क्षणभर शून्यावर येतो, त्या निवांत क्षणीं हे संकेत सोडले जात. १९७८ पासून हीं उपकरणें अमेरिकेंतील दुकानांत मिळूं लागलीं. आजच्या स्मार्ट स्विचचे हे पूर्वज होत.

पण हुकूम ऐकण्यासाठीं सदैव जागें राहावें लागतें, आणि जागें राहण्यासाठीं थोडी तरी वीज लागते. डबींत न्यूट्रल नसतां ती आणावयाची कोठून? अभियंत्यांनीं चतुराई केली: दिवा मालवलेला असतांनाही अगदीं थोडा प्रवाह दिव्याच्या तंतूमधून जाऊं द्यावयाचा आणि त्यावर बटणानें आपलें पोट भरावयाचें. ६० किंवा १०० वॉटच्या तंतूच्या दिव्याला असल्या थेंबाथेंबाची जाणीवही होत नसे. तंतु तापत नसे, उजेड पडत नसे आणि घरांतल्या कोणाला या उपजीविकेचा पत्ता लागत नसे.

तंतूचा दिवा गेला आणि ही समजूत मोडली. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें; त्याच शोधामुळें पांढऱ्या उजेडाचे अल्पभक्षी दिवे शक्य झाले. युरोपीय संघांत २००९ ते २०१२ या काळांत तंतूचे दिवे टप्प्याटप्प्यानें बाजारांतून काढले गेले. नवा दिवा ७ किंवा ९ वॉटचा. स्विचच्या पोटासाठीं झिरपणारा प्रवाह त्याच्या आंतल्या मंडलांत सांचतो, सांचला कीं क्षणभर उजळतो आणि पुन्हां विझतो. काजव्याप्रमाणें मिणमिणणाऱ्या दिव्याचें रहस्य पुष्कळदां हेंच असतें. कित्येकदां तर स्मार्ट स्विच नसतांही जिन्याचा एलईडी अंधुक पेटलेला राहतो. दोन जोडतारा लांबवर शेजारीं शेजारीं धांवतात आणि एकीवरचा दाब दुसरीवर किंचित् उमटतो. तेवढाही या अल्पभक्षी दिव्यास पुरतो.

येथवरचा इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे दोष शोधण्याचें काम बरेंच सरळ होतें. प्रथम मेन बंद करून, तार निर्जीव झाल्याची खात्री करून, मगच डबी उघडावयाची. आणि ज्याला हें काम परवान्यानें करतां येतें त्यानेंच तें करावयाचें. खात्री करतांना निऑनच्या टेस्टरवर एकट्यावर भिस्त ठेवून चालत नाहीं. मोकळ्या जोडतारेवर उमटलेल्या आभासी दाबानें तो उजळूं शकतो, आणि नाजूक मापकयंत्रही अशा तारेवर भलताच आंकडा दाखवितें. त्यानंतरचा प्रश्न एकच असतो: फेज कोणत्या डबींत येते आणि दिव्याकडे जाणारी तार कोणत्या डबींतून निघते? जुन्या बटणाचें मुख्य टोंक कोणतें हें काढण्यापूर्वींच पाहून तारांवर खूण केली, तर निम्में काम तेथेंच झालें. कारण बटण एकदां सुटलें कीं तिन्ही तारा सारख्याच दिसतात.

ही काळजी आधीं घेतली नसेल तर रोगाच्या लक्षणांवरूनही निदान होतें. समजा, नव्या स्विचला न्यूट्रल मिळालेली आहे आणि समोरचें जुनें बटण तसेंच ठेवलेलें आहे. जुनें बटण दाबतांच नव्या स्विचचा स्वतःचा बारीक दिवाही विझला, तर नवा स्विच दिव्याच्या बाजूच्या डबींत आहे असें समजावें. त्याला फेज मिळते ती एका जोडतारेवरून, आणि जुनें बटण ती तार वाटेल तेव्हां तोडतें. याउलट, नवा स्विच जागा राहिला, पण दिवा त्याचें ऐकेनासा झाला, तर तो फेज येणाऱ्या डबींत आहे. त्याचा हुकूम एका जोडतारेनें निघतो आणि जुनें बटण दुसऱ्याच तारेकडे तोंड करून बसलेलें असतें. दोन्ही बाबतींत स्विच निर्दोष असतो. दोन धनी एका नोकराला ओढीत असतात एवढेंच.

उपायही यावरूनच सुचतात. दोनपैकीं एकाच जागीं प्रवाह तोडण्याचा अधिकार ठेवावयाचा आणि दुसऱ्या जागेला केवळ निरोप्याचें काम द्यावयाचें. त्यासाठीं जुन्या बटणाच्या जागेंतली फेजची वाट एका जोडतारेनें कायमची सांधून टाकतात आणि मोकळी झालेली दुसरी जोडतार निरोपासाठीं वापरतात. तेथें त्याच स्विचचें जोडबटण किंवा बिनतारी बटण बसवितात. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही जुनीं बटणें जागच्या जागीं ठेवून स्मार्ट उपकरण दिव्यापाशीं, छतांतल्या पेटींत नेणें, कारण न्यूट्रल तेथें आहेच. घरच्या माणसांच्या हाताची संवय यांत मोडत नाहीं. दिवा मिणमिणत असेल तर दिव्याशीं समांतर असा एक छोटा उपभार जोडतात, म्हणजे झिरपणारा प्रवाह दिव्याला वगळून त्या वाटेनें जातो. मात्र यांतला कोणताही उपाय तारांची ओळख पटण्यापूर्वीं करणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

एक मोह मात्र कटाक्षानें टाळला पाहिजे, आणि त्याचाही धडा इतिहासानेंच दिलेला आहे. इंग्लंडांतील कित्येक जुन्या घरांत खालच्या मजल्याचे दिवे एका फ्यूजवर आणि वरच्या मजल्याचे दुसऱ्या फ्यूजवर असतात. जिन्याचा दिवा दोन्ही मजल्यांच्या मध्यें, म्हणून फेज खालच्या मंडलांतून घ्यावी आणि न्यूट्रल जवळ आहे म्हणून वरच्या मंडलांतून, असा प्रकार तेथें पुष्कळ वायरमननीं केला. याला तिकडे 'उसनी न्यूट्रल' म्हणतात. वर्षानुवर्षें दिवा बिनतक्रार लागत राहिला. धोका आला तो दुसऱ्याच माणसावर. वरच्या मजल्याचा फ्यूज काढून, आतां सर्व निर्जीव झालें या समजुतीनें ज्यानें तेथली न्यूट्रल सोडविली, त्याच्या हातीं जिन्याच्या दिव्यांतून आलेली खालची फेज लागे. २००८ सालच्या १७ व्या ब्रिटिश नियमावलीपासून गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारीं संरक्षक उपकरणें घरोघर अधिक प्रमाणांत बसूं लागलीं आणि हीं उसनीं नातीं उघडकीस आलीं. जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाहीं असें पाहून तें उपकरण दिवा लावतांच सारा मजला अंधारांत लोटी. आज स्मार्ट स्विचला न्यूट्रल हवी म्हणून शेजारच्या मंडलांतील कोणतीही तार ओढून घेणें म्हणजे तीच जुनी चूक नव्यानें करणें होय.

अमेरिकन नियमावलीनें २०११ सालच्या आवृत्तींत दिव्यांच्या बटणांच्या ठिकाणीं, कांहीं अपवाद सोडून, न्यूट्रलची सोय असावी असा दंडक घातला. इलेक्ट्रॉनिक बटणांची भूक ओळखून केलेला हा नियम आहे. पण तो नव्या बांधकामाला उपयोगी. आपल्याकडील शहरांतल्या घरांत एक बाजू सोयीची आहे. आपल्याकडे ज्या बोर्डावर दिव्यांच्या बटणांबरोबर प्लगही असतो, त्या प्लगसाठीं न्यूट्रल तेथें आणावीच लागते. शिवाय नळींतून सुट्या तारा ओढलेल्या असतील तर त्याच नळींतून आणखी एक तार ओढून घेतां येते. अडचण येते ती जिन्याच्याच बोर्डाला. कारण तेथें प्लग नसतो, एकटें टू-वे बटण असतें, आणि त्यापुरत्याच तीन तारा पूर्वीं आणलेल्या असतात.

भिंतींतल्या तारांचा हिशेब लागला तरी अधिकाराचा प्रश्न उरतोच. होम्सच्या बटणाचा हुकूम हातापासून दिव्यापर्यंत कांहीं हात अंतर चाले. स्मार्ट स्विचांपैकीं कित्येकांचा हुकूम घराबाहेर पडून दूरच्या कोठल्या तरी संगणकाला वळसा घालून परत येतो. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत 'इन्स्टिऑन' या अमेरिकन स्मार्ट स्विच कंपनीचे दूरस्थ संगणक पूर्वसूचना न देतां बंद पडले. फोनवरून आणि आवाजानें दिवे लावणाऱ्या ग्राहकांचे हुकूम एकाएकीं थांबले. परंतु भिंतीवरचीं बटणें चालूच राहिलीं, आणि जीं बटणें परस्परांशीं घरांतल्या घरांत जोडलेलीं होतीं त्यांचा संबंधही तुटला नाहीं. त्याच वर्षाच्या जूनमध्यें कंपनीच्या कांहीं ग्राहकांनींच ती विकत घेऊन सेवा पुन्हां सुरू केली. ऑक्टोबरमध्यें 'मॅटर' नांवाचें समाईक मानक प्रसिद्ध झालें, त्यांत तर घरांतल्या उपकरणांनीं घरांतल्या घरांतच एकमेकांशीं बोलावें यावर मुद्दाम भर दिलेला आहे.

क्रॅगसाइडच्या ग्रंथालयांत कलश उचलून दिवा मालवणारा गृहस्थ आणि फोनवर बोट ठेवून जिना उजळणारी आजची मुलगी यांच्यामध्यें सुमारें दीडशे वर्षांचें अंतर आहे. त्या अवधींत प्रत्येक पिढीनें आपापल्या गरजेपुरत्या तारा घातल्या, जमेल तेथें तांबें वांचविलें आणि भिंत लिंपून टाकली. त्यांनीं काय केलें याची टिपणें कोणी ठेवलीं नाहींत. तीं भिंतींतच राहिलीं. नवें उपकरण बसवितांना डबींतल्या तारांचें एक छायाचित्र आणि कोणती तार कोठून येते याची एक चिठ्ठी मीटरच्या पेटींत ठेवली, तर पुढें येणाऱ्या वायरमनचा दिवस वांचेल, आणि एखाद्या वेळीं जीवही. दुरुस्ती पुरी झाली कीं नाहीं याची कसोटी मात्र जुनीच आहे. घरांतली सर्वांत वृद्ध व्यक्ति मध्यरात्रीं उठून, फोन हातांत नसतां, जिन्याच्या कोणत्याही टोंकाचें बटण दाबून उजेडांत खालीं उतरूं शकली पाहिजे.